प्रोपेन स्कूल बसचा रिकॉल: द्रव-नळीच्या कामाच्या नोंदी

ठिकाण: मिशिगनमधला एक स्कूल बस डेपो आणि त्याचं वर्कशॉप. पुढे बॉनेट असलेल्या टाइप सी बांधणीच्या ३१ प्रोपेन बस. टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, चेसिसच्या दोन रेलच्या मध्ये. इंधन द्रवरूपातच इंजिनापर्यंत जातं आणि तिथे इंजेक्ट होतं. पंप टाकीच्या आत असतो.

१७ एप्रिल २०२४

उत्पादकाचं रिकॉलपत्र, म्हणजे दोषामुळे बस दुरुस्तीला परत बोलावणारं पत्र, आलं. मजकूर थोडक्यात असा: टाकीकडून पुढे येणारी लवचीक नळी पहिल्या आडव्या पट्टीजवळ क्लॅम्पच्या बोल्टला घासू शकते. घासून फाटली तर द्रव प्रोपेन बाहेर येईल, ठिणगी मिळाली तर आग. दुरुस्तीचे पार्ट अजून तयार नाहीत, तयार झाले की दुसरं पत्र येईल.

पार्टशिवाय पत्र कशाला पाठवलं, हा प्रश्न लगेच आला. अमेरिकेतला नियम तसाच आहे. दोष आहे असं उत्पादकाने ठरवलं की कामाच्या ५ दिवसांत त्याला एनएचटीएसए या सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं आणि त्यानंतर ६० दिवसांच्या आत मालकांना पत्र द्यावं लागतं. उपाय हातात नसला तरी पत्र जातंच. त्यामुळे पहिलं पत्र बऱ्याचदा रिकाम्या हाताने येतं. म्हणून ते बाजूला टाकायचं नाही.

रिकॉल मोहिमेच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे वर्षाचे. पुढच्या अक्षरात व्ही असेल तर वाहन, ई असेल तर सुटं उपकरण. आपल्याकडे व्ही आहे. प्रोपेन बसच्या बाबतीत हे अक्षर बघायलाच हवं, कारण बॉडी-चेसिस एकाची, इंजिन दुसऱ्याचं आणि इंधन प्रणाली तिसऱ्याची असू शकते. तिसऱ्याने काढलेला रिकॉल बसच्या व्हीआयएनवर (गाडीच्या ओळख क्रमांकावर) शोधून सापडेलच असं नाही. शिवाय सरकारी व्हीआयएन शोधसुविधा मुख्यतः मोटारींसाठी आहे, कमी गाड्या बनवणारे बस उत्पादक तिच्यात असतीलच असं नाही. तिथे 'रिकॉल नाही' असं दिसलं म्हणजे सुटलो, असं धरायचं नाही. डीलरकडून लेखी यादी मागवली.

यादीशी ताडून पाहिलं: यादीतल्या २२ बस मोहिमेत. एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी. व्हीआयएनचं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं, रिकॉल मात्र बांधणीच्या तारखेवर चालतो. एकाच मॉडेल वर्षाच्या दोन शेजारच्या बसपैकी एक आत, एक बाहेर. बांधणीचा महिना ड्रायव्हरच्या बाजूच्या प्रमाणपट्टीवर छापलेला असतो. सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढून फाईलला लावले.

त्या २२ मधल्या दोन बस भाडेकरारावरच्या, आणि एक गेल्या वर्षी विकलेली. ती यादीत अजून आपल्याच नावावर आहे.

१९ एप्रिल

शाळा चालू आहेत. पत्रात गाड्या उभ्या करा असं म्हटलेलं नाही. तरी सोमवारी पहिली फेरी सुटण्याआधी प्रत्येक बसखाली टॉर्च घेऊन जायचं ठरलं.

ड्रायव्हरांसाठी एक पानाची सूचना काढली. वास आला की बस कडेला घ्यायची, चावी बंद. चावी बंद झाली की टाकीवरचा विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मिटतो आणि पुढच्या नळीत नवीन इंधन जात नाही, म्हणून ड्रायव्हरने बसखाली शिरून हातव्हॉल्व्ह शोधत बसायचं काही कारण नाही. मुलांना पुढच्या दाराने उतरवायचं आणि वारा जिकडून येतोय तिकडे न्यायचं. रस्त्याच्या कडेच्या चरात कुणालाही उभं करायचं नाही. प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड असते, ती चरात, गटारात, सखल जागी जाऊन साठते. फोन बसपासून लांब गेल्यावरच. बॉनेट उघडून बघायचं नाही.

एका गोष्टीबद्दल ड्रायव्हर हमखास विचारतात, म्हणून तीही लिहिली: पंपावर इंधन भरताना आणि नंतर थोडा वेळ येणारा वास. टाकी ८० टक्क्यांच्या वर भरायची नसते, उरलेली जागा उन्हाने द्रव फुगतो त्यासाठी. ती पातळी तपासायला छोटा ब्लीडर उघडला जातो आणि त्यातून थोडी वाफ बाहेर पडते. हा वास डेपोतून बाहेर पडेपर्यंत जायला हवा. रस्त्यावर लागल्यावर येणारा वास गळतीचाच धरायचा.

२२ एप्रिल

२१ बस पाहून झाल्या. स्फोटरोधक टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, ओलं पांढरं फडकं आणि गॅस ओळखणारं मीटर एवढंच लागलं. फडकं नळीवरून फिरवलं की मीठ-चिखल निघतो आणि खरी पाठ दिसते. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर एवढं मीठ पडतं की न पुसता केलेली पाहणी म्हणजे चिखलाची पाहणी.

गट केले ते असे. अ: नळी बोल्टला टेकलेली नाही किंवा नुसती चमक आलेली आहे. ब: वरच्या रबराला खाच पडली आहे. क: रबर पूर्ण गेलं आणि आतली जाळी दिसतेय. अ मध्ये १४, ब मध्ये ६, क मध्ये १.

दोघांनी एका अ गटातल्या बसला आधी ब लावलं होतं. नळीवर ओळीने बारीक टोचल्यासारखी छिद्रं दिसली. ती मुद्दामच असतात. एलपीजीच्या रबरी नळीच्या वरच्या थराला टोचे मारलेले असतात, आतल्या थरातून झिरपलेली थोडी वाफ फुगा न धरता बाहेर जावी म्हणून. ओळीत आणि सारख्या अंतरावर असतील तर ते टोचे. एकाच जागी, एकाच दिशेने ओरखडल्यासारखं असेल तर घासणं.

क गटातली बस तिथल्या तिथे सेवेतून काढली. गळती नव्हती, वास नव्हता, मीटर गप्प होतं. तरीही काढली.

२६ एप्रिल

क गटातली बस पार्ट येईपर्यंत कशी ठेवायची यावर बरीच चर्चा झाली. टाकी सुमारे ७० टक्के भरलेली. रिकामी करावी असं एक मत होतं. केली नाही. दोनशेहून जास्त लिटर द्रव एका टाकीतून दुसरीकडे पंपाने नेणं हे या नळीपेक्षा मोठं जोखमीचं काम, आणि टाकीत दोष नाही.

केलं ते असं: बस बाहेर, उघड्यावर, भिंतीपासून आणि गटाराच्या जाळीपासून लांब. इंजिन चालू ठेवून टाकीवरचा हातव्हॉल्व्ह बंद केला. नळीतलं इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडलं. पुन्हा दोनदा काही सेकंद स्टार्टर मारला, म्हणजे उरलेला दाबही उतरला. चावी काढली, बॅटरीची ऋण केबल काढली, स्टिअरिंगला लाल पाटी.

नळी रिकामी करण्याला महत्त्व आहे. पुरवठ्याची नळी साधारण ९ मीटर, आतला व्यास साडेनऊ मिलिमीटर, म्हणजे तिच्यात सुमारे ०.६ लिटर द्रव मावतो. एका लिटर द्रवाची जवळपास २७० लिटर वाफ होते. भरलेली नळी सोडून दिली असती तर १७० लिटर वाफ नुसती त्या झिजलेल्या रबराच्या भरवशावर राहिली असती.

१४ मे

दुसरं पत्र आणि दुरुस्तीच्या सूचनांचं बुलेटिन आलं. रिकॉलचं काम मालकाला फुकट, पण ते अधिकृत माणसाने केलं तरच मोहिमेत पूर्ण म्हणून धरलं जातं. आपल्या वर्कशॉपला डीलरकडून लेखी परवानगी घेतली. मजुरीचे तास बुलेटिनमध्ये ठरवून दिलेले आहेत, तेवढेच मिळतील.

संचात काय काय: नवी नळी (ब आणि क गटासाठीच), दोन रबर बसवलेले पी-क्लॅम्प, आखूड बोल्ट, लॉकनट, घासण्यापासून जपणारी जाड विणलेली बाही आणि दाराच्या चौकटीवर लावायची खूणचिठ्ठी. सात नळ्या मोहिमेतून मागवल्या, एक जादा डेपोच्या पैशाने.

नळी हातात आल्यावर तपासायची ती अशी. अंगावर एलपी गॅसचा छाप सलग हवा, ३५० पीएसआय (दाबाचं माप, पौंड प्रति चौरस इंच) हवं, उत्पादनाची तारीख हवी. एनएफपीए ५८ या एलपी गॅसच्या अमेरिकी सुरक्षा संहितेला कामाचा दाब किमान ३५० पीएसआय आणि फुटण्याचा दाब त्याच्या पाचपट, म्हणजे १७५० लागतो. 'आपल्याकडे ३००० पीएसआयची हायड्रॉलिक नळी पडून आहे, ती लावू' हे बोलणं प्रत्येक वर्कशॉपमध्ये एकदा तरी होतं. दाब सोसेल, पण तिचं आतलं रबर तेलासाठी बनवलेलं असतं. प्रोपेन त्यातली मऊपणा देणारी द्रव्यं ओढून घेतं, रबर कडक होतं आणि वाफ झिरपायला लागते. टोकंही कारखान्यातच दाबून आलेली हवीत. बाजारात नेऊन टोकं दाबून आणायची नाहीत.

दुसरी अडचण फ्लेअरच्या, म्हणजे जोडाच्या टोकाला असलेल्या पसरट उताराच्या, कोनाची. पितळी जोडण्या ४५ अंशाच्या असतात, स्टीलच्या जेआयसी प्रकारच्या ३७ अंशाच्या. काही मापांना आटे सारखेच असल्यामुळे एकीवर दुसरी चढते, आवळतेही आणि थंडीत गळतही नाही. गळते ती नंतर. मागवलेल्या सगळ्या नळ्यांचा कोन गेजने बघून घेतला.

११ जून

शाळांना सुट्टी लागली. बे, म्हणजे वर्कशॉपमधला बस दुरुस्तीचा गाळा, तयार केला.

जमिनीत पिट (खालून काम करायचा खड्डा) असलेला बे वापरायचा नाही. हा निर्णय हिशेबाचा आहे. प्रोपेन हवेत २.१ टक्के झालं की पेटू शकतं. एका लिटर द्रवाची २७० लिटर वाफ २.१ टक्क्यांपर्यंत पातळ केली तर सुमारे १३ घनमीटर पेटणारं मिश्रण तयार होतं. आपला पिट साधारण १४ घनमीटरचा आहे. एक लिटर पुरेसा आहे. जड वाफ पिटातून स्वतःहून वर येणार नाही, आणि वर उभ्या माणसाला वासही येणार नाही.

शेवटचा, दोन्ही बाजूंनी उघडणारा बे घेतला. दोन्ही शटर वर. जमिनीलगत हवा ढकलणारा पंखा, त्याची मोटर बे-बाहेर. छतालगतचा गॅस हीटर आणि त्याचा पायलट बंद, कंप्रेसरचा स्विच बाहेरून. शेजारच्या दोन बेमध्ये वेल्डिंग आणि ग्राइंडर बंद.

मीटर प्रोपेनवर कॅलिब्रेट केलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण बरीच मीटरं मिथेनवर कॅलिब्रेट होऊन येतात आणि प्रोपेनसाठी त्यांचा आकडा बरोबर नसतो. इशारा पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या (त्या २.१ टक्क्यांच्या) १० टक्क्यांवर लावला. प्रोपेनमध्ये मुद्दाम वास मिसळण्याचा नियम असा की मर्यादेच्या पाचव्या भागाला, म्हणजे २० टक्क्यांना, माणसाला वास यायलाच हवा. नाक बऱ्याचदा त्याच्या पुष्कळ आधी सांगतं, पण नाक सरावतंही. अर्धा तास गाडीखाली काढलेल्या माणसाच्या 'वास नाही' याला किंमत द्यायची नाही.

साबणाचं पाणी विकतचं, गॅस गळतीसाठीचं. भांड्यांचा साबण नाही. अमोनिया असलेला द्रव पितळेला लागला तर ताणाखाली असलेल्या नटाला महिन्यांनी तडा जातो.

१२ जून

पहिली बस: क गटातलीच. तिचा क्रम पुढच्या सगळ्यांना लागू.

आत आणण्याआधी बाहेरच टाकीची पातळी बघितली, ८० टक्क्यांच्या खाली आहे ना ते. भरगच्च टाकीची बस थंड रात्रीनंतर ऊबदार बेमध्ये आणली तर द्रव फुगून रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) उडू शकतो. आपल्या टाक्यांना तो ३१२ पीएसआयला उघडतो, आणि बेमध्ये उघडलेला नको.

बाहेरच हातव्हॉल्व्ह बंद करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, मग बस ढकलून आत. (बाकीच्या बससाठी गॅसवरच्या इंजिनाने आत आणून मग व्हॉल्व्ह बंद केला तरी चालतं. क गट मात्र ढकलूनच.) चाकांना अडण्या, बॅटरी वेगळी.

हातमोजे लांब बाहीचे, चेहऱ्यावर पूर्ण ढाल. नळी रिकामी केलेली असली तरी. द्रव प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतं, मनगटावर उडालं तर भाजल्यासारखा फोड येतो.

पुरवठ्याच्या नळीचा टाकीकडचा नट दोन पान्यांनी, एक धरायला आणि एक फिरवायला. पाव फेरा सैल करून थांबायचं. सूं आवाज आला तर आवाज थांबेपर्यंत हात काढायचे, पुन्हा आवळायचं नाही. परतीच्या नळीचं, म्हणजे न वापरलेलं इंधन इंजिनाकडून टाकीत परत नेणारीचं, वेगळं आहे. तिला टाकीच्या तोंडाशी उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पुरवठ्याचा दाब उतरला तरी परतीत द्रव अडकून राहू शकतो. आपलं काम परतीच्या नळीवर नाही, पण क्लॅम्प दोघींचा एकच आहे. क्लॅम्प सोडताना परतीची नळी ओढायची नाही, वाकवायची नाही.

दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलेला द्रव हा या प्रणालीतला सगळ्यात फसवा भाग. तापला की फुगतो, फुगायला जागा नसते आणि दाब टाकीच्या दाबापेक्षा कितीतरी वर जातो. त्यासाठी मध्ये हायड्रोस्टॅटिक रिलीफ, म्हणजे तो जादा दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, असतो. त्याच्या टोपीखाली चिखल किंवा कोळ्याचं घर असेल तर साफ करून टोपी परत लावायची. या बसवर टोपीच नव्हती. नवी लावली.

नळी काढल्यावर दोन्ही तोंडांना लगेच प्लास्टिकची बुचं. नव्या नळीला बाही आधी चढवायची, मग जोडायची. हा क्रम चुकला तर नळी परत काढावी लागते, कारण टोकावरून बाही नंतर जात नाही.

फ्लेअरवर टेप नाही, सील-पेस्ट नाही. तिथे धातू धातूवर बसून सील होतं. टेप लावली तर कोन नीट बसत नाही आणि टेपचा तुकडा इंजेक्टरपर्यंत जातो. निमुळत्या आट्यांच्या जोडणीला मात्र एलपीजीला चालणारी पेस्ट लागतेच. नट आधी हाताने शेवटपर्यंत, मग टॉर्क पान्याने बुलेटिनच्या आकड्याला, मग नट आणि फिटिंग यांच्यावरून आरपार पिवळ्या रंगाची रेघ. पुढच्या पाहणीत रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

बोल्टचं डोकं नळीकडे, आटे बाहेर. मूळ बांधणीत हेच उलटं झालं होतं.

१३ जून

कालच्या बसची गळती तपासणी. इथे सगळ्यांनी लक्ष द्यावं, कारण बुलेटिनमध्ये हे एका ओळीत आहे.

हातव्हॉल्व्ह उघडला, बॅटरी जोडली, चावी बंद ठेवून जोडांना साबण लावला. बुडबुडे नाहीत. पण ही तपासणी नव्हेच. चावी बंद असताना टाकीवरचा सोलेनॉइड मिटलेला असतो, नव्या नळीत दाबच नसतो. साबण रिकाम्या नळीला लावलेला. चावी लावून पंप चालू झाल्यावर आणि नंतर इंजिन चालू असताना, दोन्ही वेळा तपासायचं. पंप टाकीच्या दाबाच्या वर आणखी दाब चढवतो, शिवाय चालू इंजिन नळी हलवतं.

पंप लावल्यावर मीटर ओरडलं. आकडा वर-खाली, जागा सापडेना, साबणावर एकही बुडबुडा नाही. कारण सापडलं ते शेजारच्या बेमध्ये. तिथे ब्रेक ड्रमवर स्प्रे मारत होते. अशा डब्यांमधला ढकलणारा वायू बऱ्याचदा प्रोपेन-ब्युटेनच असतो, आणि क्लीनरची वाफ वेगळीच. मीटरला दोन्ही सारखेच. आता चाचणी चालू असताना आसपास स्प्रे नाही, हातावरचं अल्कोहोलचं सॅनिटायझरही नाही.

मीटर जोडाच्या वर धरायचं नाही. खाली धरायचं, आणि चेसिस रेलच्या आतल्या खाचेत न्यायचं. वाफ त्या खाचेतून वाहत जाते आणि गळतीच्या जागेपासून बऱ्याच अंतरावर सापडते. मीटरने भाग शोधायचा, साबणाने जोड.

१८ जून

अ गटाचं काम जोरात. नळी तीच, क्लॅम्प नवे, बाही नवी. एका बसला दोघे जण.

नळी का घासली हे आता स्पष्ट आहे. कारखान्यात क्लॅम्प एक भोक अलीकडे बसला आणि बोल्टचं टोक नळीच्या बाजूला आलं. तेवढ्याने सगळ्याच बस क गटात जायला हव्या होत्या. गेल्या नाहीत, कारण घासण्याला हालचालही लागते. चेसिसचे दोन रेल खड्ड्यात एकमेकांच्या तुलनेत पिळतात. ब गटातल्या सहाही बस कच्च्या रस्त्यांच्या मार्गावरच्या निघाल्या, आणि क गटातलीही. शहरातल्या मार्गावरच्या बसवर तोच क्लॅम्प, तोच बोल्ट, पण नुसती चमक.

म्हणून सपाट जमिनीवर मोजलेलं अंतर पुरत नाही. बुलेटिनला नळी आणि धातू यांच्यात १२ मिलिमीटर चालतात. आपण एक मागचं चाक रॅम्पवर चढवून, म्हणजे चेसिस पिळलेल्या अवस्थेत, पुन्हा मोजतोय. एका बसवर सपाट जमिनीवर १५ होते, रॅम्पवर ७. क्लॅम्पची दिशा थोडी फिरवून ते १४ केले. नळी ताणून अंतर वाढवायचं नाही. ताणलेली नळी फिटिंगला ओढते आणि मग फ्लेअरच गळायला लागतो. किंचित सैल, ओघवता वाक हवा.

प्लास्टिकच्या टाय-पट्ट्यांनी नळी 'तेवढ्यापुरती' बाजूला बांधलेली तीन ठिकाणी सापडली. त्या काढल्या. थंडीत ठिसूळ होऊन तुटतात, तोवर नळीत खाच पाडतात.

२१ जून

आठवडाभर उन्हाची लाट आहे. तिचा उपयोग करून घेतला. सकाळी १२ अंशाला प्रोपेनचा टाकीतला दाब ८० पीएसआयच्या आसपास असतो, ३३ अंशाला १५० च्या वर जातो. सकाळी पास झालेल्या बस दुपारी उन्हात उभ्या करून पुन्हा तपासल्या. एका नटाला साबणाचा बारीक फेस आला, अगदी हळू, खसखशीसारखे बुडबुडे. सकाळी तोच जोड कोरडा होता.

नट आणखी आवळला नाही. नळी पुन्हा रिकामी करून जोड उघडला. फ्लेअरच्या उतारावर केसाएवढा धातूचा कण दाबला गेला होता, बहुधा जुना नट काढताना सुटलेला. आवळून तो आणखी रुतला असता आणि हिवाळ्यात जोड पुन्हा सैल झाला असता. बैठक खराब झाल्यामुळे जादा मागवलेली नळी इथे लागली. यापुढे जोडण्याआधी दोन्ही उतार धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचे, हवा मारायची नाही. हवा कण आत ढकलते.

भारतातून आलेल्या एका वाचकमित्राने आकडे बघून विचारलं की घरच्या सिलिंडरपेक्षा हा दाब जास्त का. तिथल्या घरगुती आणि वाहनांच्या एलपीजीत ब्युटेनही बरंच असतं. इथलं वाहनांचं प्रोपेन एचडी-५ प्रतीचं, म्हणजे किमान ९० टक्के प्रोपेन. ब्युटेनचा दाब कमी, म्हणून मिश्रणाचाही कमी. आणि इथल्या गोठवणाऱ्या थंडीत ब्युटेनचा दाब जवळपास उरतच नाही.

२७ जून

भाड्याच्या दोन बस. रिकॉलपत्र कायद्याने नोंदणीकृत मालकाला, म्हणजे भाड्याने देणाऱ्याला जातं. त्याने ते १० दिवसांत भाडेकरूकडे पोचवायचं असतं. आलं नव्हतं. डीलरची यादी आधीच मागवली म्हणून कळलं. दोन्ही अ गटातल्या निघाल्या, काम झालं, पूर्ततेची प्रत भाड्याने देणाऱ्याला टपालाने पाठवली आणि पोच घेतली.

जुनी बिलं चाळताना सापडलं: क गटातल्या बसची हीच नळी पूर्वी एकदा 'वास येतो' या तक्रारीवरून बदलली होती, पैसे देऊन. रिकॉलच्या आधी स्वखर्चाने केलेल्या त्याच दुरुस्तीचे पैसे उत्पादकाकडे मागता येतात. पावती आणि कामाचं वर्णन लागतं. मागणी पाठवली. पैशापेक्षा महत्त्वाचं हे की तेव्हा नळी बदलली गेली आणि बोल्ट तसाच राहिला. नवी नळीही त्याच जागी झिजली.

९ जुलै

विकलेली बस. नवीन मालकाचं नाव-पत्ता विक्रीच्या कागदावरून उत्पादकाला कळवला आणि मालकाला थेट रजिस्टर्ड पत्रही पाठवलं: बस मोहिमेत आहे, काम फुकट आहे, घराजवळच्या डीलरकडे न्या, तोवर बंद शेडमध्ये उभी करू नका. वापरून झालेल्या स्कूल बस पुढे कुणाकडे जातील याचा भरवसा नसतो. मालक बदलल्याचं उत्पादकाला कुणी कळवलं नाही तर रिकॉलचं पत्र जुन्याच पत्त्यावर फिरत राहतं.

पाहणीच्या फॉर्ममध्ये बदल. आतापर्यंत 'इंधन प्रणाली: ठीक / ठीक नाही' एवढाच रकाना होता, डिझेलच्या काळातला. आता टाकीच्या तोंडापासून इंजिनापर्यंत सहा थांबे आहेत, प्रत्येक ठिकाणी रेघ जुळतेय का, क्लॅम्पचं रबर जागेवर आहे का, अंतर किती. मागच्या बाजूचा काळा प्रोपेन-चौकोन वाचता येतो का, हेही. अपघातात आग विझवायला येणाऱ्यांना टाकीत काय आहे ते त्यावरूनच कळतं.

हा फॉर्म आपणच बनवावा लागतो याला कारण आहे. धडकेनंतरच्या इंधनगळतीचं संघीय मानक ३०१ शून्य अंशाच्या वर उकळणाऱ्या इंधनासाठी आहे, ३०३ सीएनजीसाठी. उणे ४२ ला उकळणारं प्रोपेन दोन्हींतून निसटतं. त्याच्यासाठी आधार एनएफपीए ५८ चा आणि उद्योगाने स्वतः ठरवलेल्या अपेक्षांचा.

२० ऑगस्ट

शाळा उघडण्याआधीची फेरतपासणी. २१ बस, प्रत्येक किमान काही शे किलोमीटर चाललेली. पिवळ्या रेघा २० वर अभंग. एकीवर क्लॅम्पच्या नटाची रेघ सरकलेली. लॉकनट जुना वापरला गेला होता, नायलॉनची पकड संपलेला. संचातला नवा नट बाकावर पडून होता. बदलला. यापुढे संच उघडला की त्यातला प्रत्येक तुकडा मोजून ट्रेमध्ये, आणि काम संपल्यावर ट्रे रिकामा दिसला तरच खूणचिठ्ठी दारावर लावायची.

काढलेल्या सात नळ्या खूण करून पेटीत ठेवल्या आहेत, उत्पादकाने मागितल्या तर द्यायला. विकलेल्या बसचं काम झाल्याचा कागद डीलरकडून अजून यायचाय. तो आला की फाईल बंद. पुढची पाहणी ऑक्टोबरमध्ये, रस्त्यावर मीठ पडायला लागण्याआधी.